न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : समाजाचे आणि देशाचेही



आठवीच्या वर्गात राष्ट्रीय सभेच्या स्थापनेचा धडा शिकवीत असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने मला विचारले की, सर, या सगळ्यांत आपल्यापैकी कोणीच नव्हते काय? पुस्तकात त्याच्या प्रश्नाचे उत्तर होते, परंतु ते एकाच ओळीत होते. राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन १८८७ साली मद्रास येथे बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली भरले, एवढीच ती ओळ. मी ती त्याला दाखविली. तासाची घंटा झाली. पण त्या मुलाचे समाधान झालेले नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. त्या एका ओळीमागे केवढे आयुष्य उभे आहे, ते आज आपणांसमोर थोडक्यात मांडावे, असा माझा प्रयत्न आहे.

वडिलांचा निर्णय

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे खंबायतचे, सुलेमानी बोहरा जमातीचे आणि व्यापारी. वडील मुल्ला तय्यब अली भाईमियाँ हे धर्मनिष्ठ गृहस्थ होते. त्या काळी इंग्रजी शिकणे म्हणजे दीन बुडविणे अशी आपल्या समाजात सर्वसाधारण समजूत होती. मुलगा इंग्रजी शाळेत गेला की तो हातचा गेला, असे लोक उघडपणे म्हणत. अशा काळात तय्यब अली यांनी आपल्या मुलांना एकामागून एक शिक्षणासाठी युरोपात पाठविले. मुलांनी धर्म सोडावा म्हणून त्यांनी हे केले नाही. बदललेल्या जमान्यात आपली माणसे मागे पडू नयेत, हा त्यांचा हेतू होता. वडील बंधू कमरुद्दीन हे विलायतेत सॉलिसिटर झालेले पहिले हिंदी गृहस्थ ठरले.

बद्रुद्दीन यांनी लहानपणी मदरशात उर्दू व फारसी यांचे शिक्षण घेतले व पुढे ते एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. परंतु त्यांचे डोळे लहानपणापासूनच अधू होते. उपचारासाठी त्यांना फ्रान्सला पाठवावे लागले. १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते लंडनला शिकण्यासाठी गेले. तेथे मॅट्रिक होऊन १८६३ साली त्यांनी मिडल टेंपल या कायद्याच्या संस्थेत नाव दाखल केले. पण डोळ्यांचे दुखणे इतके वाढले की, १८६४ च्या अखेरीस त्यांना अभ्यास अर्धवट टाकून मुंबईस परतावे लागले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. वय वीस वर्षांचे, डोळ्यांना धड वाचवत नाही, आणि कायद्याचा अभ्यास म्हणजे तर रात्रंदिवस वाचन. घरचा व्यापार हाताशी होता. गादीवर बसले असते तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. परंतु १८६५ च्या अखेरीस ते पुन्हा लंडनला गेले, राहिलेला अभ्यास त्यांनी पुरा केला आणि एप्रिल १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले. परीक्षेच्या आधी आजारी पडलो म्हणून वर्ष वाया गेले, आता पुन्हा शाळेत येणार नाही, असे म्हणणारा एखादा विद्यार्थी दरवर्षी मला भेटतो. त्याला मी बद्रुद्दीन यांची ही हकिकत सांगतो.

हायकोर्टातील पहिले हिंदी बॅरिस्टर

डिसेंबर १८६७ मध्ये बद्रुद्दीन मायदेशी परतले आणि मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. ते तेथील पहिले हिंदी बॅरिस्टर होत. आज हे वाचताना आपणांस त्यात विशेष वाटणार नाही, म्हणून त्या वेळची रीत समजून घेतली पाहिजे. हायकोर्टाच्या मूळ शाखेत पक्षकाराला बॅरिस्टरकडे थेट जाता येत नसे. पक्षकार आधी सॉलिसिटरकडे जाई आणि सॉलिसिटर आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरला काम देई. बॅरिस्टर सारे इंग्रज, आणि सॉलिसिटरांतही इंग्रजांचाच वरचष्मा. मग नव्या हिंदी बॅरिस्टरला काम देणार कोण? अशा वेळी सॉलिसिटर असलेल्या वडील बंधूंचा आधार त्यांना मिळाला. पण आधाराने पहिली पायरी चढता येते, जिना चढता येत नाही. पुढे काही वर्षांतच ते मुंबईच्या आघाडीच्या बॅरिस्टरांत गणले जाऊ लागले, ते मुद्देसूद मांडणी आणि शांत स्वभाव यांच्या बळावर. आवाज न चढविता समोरच्याला पटवून देणे ही त्यांची हातोटी होती, आणि पुढे राजकारणातही तीच त्यांच्या कामी आली.

शहराच्या कारभारात

१८७२ च्या कायद्याने मुंबई महापालिकेची नवी रचना झाली. चौसष्ट सभासदांपैकी निम्मे कर भरणाऱ्या नागरिकांनी निवडून द्यावयाचे ठरले. १८७३ साली बद्रुद्दीन महापालिकेचे सभासद झाले. १८७५ पासून तीस वर्षे ते मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर होते. १८८२ साली त्यांची मुंबई कायदे कौन्सिलवर नेमणूक झाली. तेथे त्यांनी चार वर्षे काम केले व १८८६ साली प्रकृतीच्या कारणास्तव जागा सोडली.

१८८३ साली इल्बर्ट बिलाचे प्रकरण उद्भवले. हिंदी न्यायाधीशांपुढे युरोपियन आरोपींचे खटले चालविता यावेत, एवढीच त्या बिलातील मूळ गोष्ट होती. त्यावर देशभरच्या गोऱ्या लोकांनी काहूर माजविले. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये नागरिकांची जंगी सभा झाली आणि तीत बद्रुद्दीन तय्यबजी, फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग या तिघांची भाषणे गाजली. एक मुसलमान, एक पारशी, एक हिंदू, आणि तिघेही कायदेपंडित. मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील हे त्रिकूट पुढे प्रसिद्धीस आले. १८८५ साली त्यांच्याच पुढाकाराने बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते, परंतु तेथे पटकीची साथ आल्याने ते ऐनवेळी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात भरले. त्याच्या यजमानपदाचा भार मुंबईच्या या मंडळींवरच पडला.

अंजुमन-ए-इस्लाम

देशाच्या कामात असा गुंतलेला माणूस आपल्या समाजाला विसरला होता काय? मुळीच नाही. किंबहुना राष्ट्रीय सभेच्या आधी दहा-अकरा वर्षे त्यांनी समाजाच्या शिक्षणाचे काम हाती घेतले होते. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन झाली. कमरुद्दीन तिचे अध्यक्ष व बद्रुद्दीन चिटणीस. नाखुदा मुहम्मद अली रोगे यांच्यासारखे मुंबईतील दानशूर कोकणी मुसलमान त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तय्यबजी स्वतः सुलेमानी बोहरा, म्हणजे एका लहानशा जमातीचे. परंतु अंजुमन त्यांनी एका जमातीपुरती ठेवली नाही. बोहरा, खोजा, मेमन, कोकणी, दख्खनी, सर्वांची मुले एका बाकावर बसावीत हा त्यांचा आग्रह होता. व्यापाऱ्याच्या मुलाने केवळ हिशेब आणि मजुराच्या मुलाने केवळ मजुरी शिकावी, हे त्यांना मान्य नव्हते.

१८८० साली बाबुला टँकजवळ अंजुमनची पहिली शाळा सुरू झाली. दीनी तालीम आणि उर्दू यांच्या बरोबरीने इंग्रजी, गणित व इतर विषय शिकविणे ही त्या शाळेची रीत होती. धर्माचे शिक्षण हवे की दुनियेचे, असा वाद घालीत बसण्यापेक्षा त्यांनी दोन्ही एकाच छपराखाली आणले. १८९० साली बद्रुद्दीन अंजुमनचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी, त्या वेळी नव्यानेच बांधून झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनससमोर, शाळेच्या इमारतीचा पाया घातला गेला आणि १८९३ साली ती भव्य इमारत उभी राहिली. आपणांपैकी जे कोणी मुंबईस जातात, त्यांनी आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेर पडल्यावर रस्त्याच्या पलीकडे एकवार मान वर करून पाहावे. ती दगडी इमारत आजही मुलांनी गजबजलेली असते. अखेरपर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, बद्रुद्दीन अंजुमनचे अध्यक्ष राहिले.

मद्रासचे अधिवेशन

राष्ट्रीय सभेचे पहिले अध्यक्ष उमेशचंद्र बॅनर्जी, दुसरे दादाभाई नौरोजी. तिसऱ्या वेळी हा मान बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याकडे आला. डिसेंबर १८८७ मध्ये मद्रास येथे देशाच्या सर्व भागांतून ६०७ प्रतिनिधी जमले होते. पहिल्या अधिवेशनात अवघे ७२ होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन वर्षांत सभेने केवढी मजल मारली ते कळते. वय वर्षे त्रेचाळीस, प्रकृती नाजूक, अशा स्थितीत बद्रुद्दीन अध्यक्षस्थानी बसले.

त्यांचे सांगणे साधे होते. प्रत्येक जमातीचे काही प्रश्न तिचे स्वतःचे असतात, ते तिने आपल्या घरात सोडवावेत. परंतु कर, न्यायालये, सरकारी नोकऱ्या, कायदे कौन्सिले हे प्रश्न सर्वांचे आहेत. ते सोडविण्यासाठी हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती यांनी एकत्र बसण्यास कोणाचीही हरकत असू नये. देशासाठी काम करताना मुसलमानपण सोडावे लागते, असे त्यांना कधीच वाटले नाही.

सर सय्यद यांच्याशी मतभेद

वाचकहो, येथपर्यंत हकिकत सरळ चालली. आता अवघड भाग येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मद्रासला अधिवेशन चालू असतानाच्या त्याच दिवसांत सर सय्यद अहमद खान यांनी लखनौ येथे भाषण करून मुसलमानांनी राष्ट्रीय सभेपासून दूर राहावे असे बजाविले. सर सय्यद म्हणजे अलीगढ कॉलेजचे संस्थापक, आधुनिक शिक्षणासाठी कौमचे टोमणे सोसलेले बुजुर्ग. त्यांची भीती पोकळ नव्हती. निवडणुका आणि स्पर्धापरीक्षा आल्या, तर संख्येने व शिक्षणाने पुढे असलेल्यांपुढे मुसलमान मागे पडतील, असे त्यांना वाटत होते. १८५७ च्या बंडानंतर सरकारचा रोष कौमवर कसा कोसळला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आधी शिका, राजकारण मागाहून, असा त्यांचा सल्ला होता.

बद्रुद्दीन यांनी त्यांना पत्रे लिहिली, बंगालचे अमीर अली व नवाब अब्दुल लतीफ यांनाही लिहिली. त्या पत्रव्यवहारात कोठेही अनादर नाही. बाहेर राहून तक्रार करण्यापेक्षा आत जाऊन आपले म्हणणे ऐकवावे, ही त्यांची भूमिका. पण ती त्यांनी केवळ शब्दांत ठेवली नाही. एखाद्या विषयाला हिंदू अथवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखाने किंवा जवळजवळ एकमुखाने विरोध असेल, तर तो विषय सभेपुढे चर्चेस घेऊ नये, असा नियम त्यांनी सुचविला व १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात तसा ठराव झाला. संख्येच्या जोरावर कोणी कोणाला दडपू नये यासाठी एका कायदेपंडिताने शोधलेली ही तोड होती.

तरीही मुसलमानांतील विरोध शमला नाही. अलाहाबादच्या अधिवेशनापूर्वीच, ऑक्टोबर १८८८ मध्ये, बद्रुद्दीन यांनी सभेचे सचिव ॲलन ह्यूम यांना लिहिले होते की, एवढा मोठा समाज बाहेर राहत असेल तर अधिवेशने निदान पाच वर्षे स्थगित ठेवण्याचा विचार व्हावा. ही सूचना मान्य झाली नाही. कोणी म्हणेल की ते कचरले. मला तसे वाटत नाही. देशाच्या सभेत आपला समाज नाही, याचे दुःख त्यांना होते, आणि समाज देशाच्या सभेत जात नाही, याचेही होते. दोन्ही घरे ज्याची असतात त्यालाच असा पेच पडतो. सूचना फेटाळली गेल्यावरही ते रुसून बसले नाहीत, आणि राष्ट्रीय सभेवरील निष्ठा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

न्यायासनावर

१८९५ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. या जागेवर बसलेले ते पहिले मुसलमान. दोनच वर्षांनी त्यांची कसोटी पाहणारा प्रसंग आला. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला, रँडसाहेबाचा खून झाला आणि जुलैच्या अखेरीस केसरीतील लिखाणावरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. जामिनाचा अर्ज आधी फेटाळला गेला होता. हायकोर्टातही पहिल्या खेपेस तो मिळाला नाही. सरकार संतापलेले, गोरी वृत्तपत्रे खवळलेली. अशा वातावरणात अर्ज न्या. तय्यबजी यांच्यापुढे आला. टिळकांचे आणि त्यांचे राजकारण जुळणारे नव्हते. परंतु न्यायासनापुढे प्रश्न राजकारणाचा नव्हता. खटल्याच्या वेळी आरोपी हजर राहावा एवढाच जामिनाचा हेतू, आणि उद्या तो निर्दोष ठरला तर आज भोगलेल्या कैदेची भरपाई कोण करणार? ४ ऑगस्ट १८९७ रोजी त्यांनी टिळकांना जामिनावर मुक्त केले. पुढे दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे खटला चालून टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, ही गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी कायदा सर्वांना सारखा आहे, हे मुंबईने पाहिले. महाराष्ट्राने ही आठवण जपली पाहिजे. १९०२ साली त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीशाचे कामही पाहिले. मुंबई हायकोर्टात हे पद भूषविणारे ते पहिले हिंदी न्यायमूर्ती होत.

घरापासून सुरुवात

पालकहो, आता विशेषतः आपणांसाठी. स्त्रीशिक्षणावर व्याख्यान देणारे पुष्कळ असतात, घरी मात्र मुलीची शाळा सातवीत सुटते. बद्रुद्दीन यांनी आपल्या सर्व मुलींना शिकविले आणि १९०४ साली दोन मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले. त्या काळच्या कडक पडद्याविरुद्धही ते निर्भीडपणे बोलले. १९०३ साली मुंबईत मुस्लिम शैक्षणिक परिषद भरली, तिचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. ही परिषद सर सय्यद यांनीच सुरू केलेली. सर सय्यद १८९८ साली निवर्तले होते. त्यांच्याच व्यासपीठावरून बद्रुद्दीन यांनी मुलींच्या शिक्षणाचा कैवार घेतला आणि राष्ट्रीय सभेविषयीचे आपले मत बदललेले नाही, हेही स्पष्टपणे सांगितले. मतभेद होते राजकारणाचे. शिक्षणाच्या कामात दोघांची वाट एकच होती.

अखेर

ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय होते एकसष्ट. पण त्यांनी लावलेले झाड वाढत राहिले. त्यांचे पुतणे अब्बास तय्यबजी यांनी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात, गांधीजींना अटक झाल्यावर, वयाच्या शहात्तराव्या वर्षी सत्याग्रहींचे नेतृत्व केले व तुरुंगवास पत्करला. त्यांचेच नाव धारण करणारे नातू बद्रुद्दीन तय्यबजी स्वतंत्र भारताचे राजदूत झाले आणि १९६२ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या सर सय्यद यांच्याशी आजोबांचा वाद झाला, त्यांच्याच संस्थेची धुरा नातवाकडे आली. प्रामाणिक मतभेदाने माणसे कायमची दुरावत नाहीत, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी हे सारे जमेल तसे सांगितले. तो मन लावून ऐकत होता. शेवटी त्याने विचारले की, सर, त्यांच्या वडिलांनी त्यांना विलायतेला पाठविले नसते तर? मी त्याला म्हटले, तर कदाचित ती एक ओळही पुस्तकात नसती.

पालकहो, त्याचा प्रश्न मी आपल्याकडे सोपवितो. येत्या जूनमध्ये मुलाचे नाव काढून त्याला दुकानावर बसविण्याचा, किंवा मुलगी मोठी झाली म्हणून तिचे दप्तर खुंटीला टांगण्याचा विचार मनात आला, तर मुल्ला तय्यब अली यांची आठवण करा. लोक त्यांनाही नावे ठेवीत होते.